कोंडाजीची भोगी

हैबतभावजी,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. माझ्या अंगणातून हाक मारली की तुमच्या ओट्यावर ऐकू यायची, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. आता तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, म्हणजे न ऐकण्याची तुमची कायमचीच सोय झाली. तरी लिहिते. राग आलाय म्हणून लिहिते.

आपल्या गणेश मंडळाची स्मरणिका निघाली आहे. चकचकीत कागद, मधली पानं बिल्डरांच्या जाहिरातींची. त्यात ‘आमचे आदर्श’ म्हणून तुमच्यावर चार ओळी आहेत. ‘शिस्तप्रिय, मितभाषी, प्रेमळ व्यक्तिमत्त्व. १९७१च्या युद्धात शौर्य गाजवून गावाचे नाव उज्ज्वल केले. तरुणांचे सदैव प्रेरणास्थान.’ वाचून आधी हसू आलं, मग संताप. मितभाषी? ज्या दिवशी तुम्ही बोललात त्या दिवशी याच मंडळानं तुमच्या हातातला माइक बंद केला होता. प्रेरणास्थान? यातल्या निम्म्या पोरांनी पुढं वर्षानुवर्षं तुम्हाला रामराम घातला नाही. आणि आता मेल्यावर शिस्तप्रिय!

हे मी खपवून घेणार नाही. तुम्ही आता मधे बोलू नका. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते.

हैबतराव म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे चुलतभाऊ. विशीत पलटणीत भरती झाले, एकाहत्तरची लढाई केली, हवालदार होऊन पुण्याजवळच्या आमच्या गावी, चांद्याला, परत आले. उंच, काटक अंग. मिशी पिळलेली नव्हे, कातरलेली. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, बी. ए. झालेली, उभं आयुष्य पुण्यात नोकरी करून नवऱ्याच्या निवृत्तीनंतर गावी राहायला आलेली. आमचं पटायचं, कारण दोघांनाही लांबण लावणारी माणसं आवडत नसत.

चांद्यात तेव्हा भाताची खाचरं होती. आता खाचरांच्या जागी इमारती आहेत आणि आमच्या भावकीतली निम्मी घरं हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं देऊन जगतात, पण ती पुढची गोष्ट. तेव्हा खाचरं होती, बांध होते, आणि बांधावरून चालणारे हैबतराव होते. हा माणूस शेतातून आडवा कधी गेला नाही. पीक उभं असो नाहीतर कापणी होऊन रान मोकळं पडलेलं असो, समोर विहीर दिसत असली तरी हे तिन्ही बांध फिरून जाणार. नांगरटीला रानात उतरायचे ते बैलांच्या मागून, एरवी नाही. शेती मुलानं, दादासाहेबानंच बघितली. पोरं याला ‘आबांची परेड’ म्हणायची. त्यांची बायको रंभाबाई चिडून म्हणायची, “आडवं गेलं तर पाय झिजत्यात का तुमचं?” ते बांधानंच पुढं चालत राहायचे.

दुसरी गोष्ट भोगीची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, पावटा घालून भाजी होते आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. घरातलं माणूस त्या दिवशी घरीच जेवतं. हैबतराव मात्र सकाळीच सूस गावाच्या बाजूला चालत निघून जायचे आणि दिवस मावळायला उपाशी परत यायचे. रंभाबाई त्यांच्या वाटची भाजी माझ्याकडे आणून द्यायची. “घ्या वैनी. तुमच्या भावजीला भोगी सोसत न्हाई म्हनं. बंदुकीची गोळी सोसंल, भाजी न्हाई.” मी ती बरीच वर्षं खाल्ली. भाजी उत्तम असायची.

आता कोंडाजी. हा त्यांच्याच आळीतला, त्यांच्या मागोमाग त्यांच्याच पलटणीत गेलेला. लढाईवरून तो परत आला नाही. त्याची बायको साळूबाई तेव्हा विशीची, कडेवर एक मुलगी. तार आली ती संक्रांत उलटून गेल्यावर. लढाई तर डिसेंबरातच थांबली होती. पण सरकारी तार, उशिरा आली असेल, असं सगळ्यांनी धरून टाकलं. कुणी काही विचारलं नाही. पुढं हैबतराव रजेवर आले तेव्हा साळूबाईच्या दारात उभं राहून त्यांनी सांगितलं, “चढाईत गोळी लागली. जागच्या जागी गेला. तरास न्हाई झाला त्याला.” एवढ्यावर त्या बाईनं सत्तावीस वर्षं काढली. मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं, लोकांच्या खाचरांत लावणीला गेली आणि कुणापुढं तोंड वेंगाडलं नाही.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल झालं. रोज संध्याकाळी टीव्हीपुढं सगळी आळी. आमच्याकडच्या पोरांना एकदम आठवलं की आपल्याही गावात एक शहीद आहे आणि एक जिवंत हवालदार आहे. गणपतीत जिवंत देखावा करायचा ठरलं. पुण्यात दर चौकात होतात तसा: स्टेज, रंगवलेले पडदे, मागं टेपवर संवाद आणि पुढं पोरं नुसती तोंडं हलवणार. पुढाकार हैबतरावांच्या नातवाचा, निरंजनचा. अठरा वर्षांचा होता, इंजिनिअरिंगला नुकती ॲडमिशन मिळालेली. पोरगा हुशार, कामाला वाघ. त्याच्याबद्दल वाईट लिहायला मी बसलेली नाही.

तो आजोबांकडे आला तेव्हा मी तिथंच ओट्यावर होते.

“आबा, कोंडाजीआजोबा कसे गेले ते डिटेलमधे सांगा ना.”

“कशापायी?”

“देखाव्यात घ्यायचंय. मोठी टेकडी करतोय थर्माकोलची. खाली बंकर. दयानंद कोंडाजीआजोबा होणार, आणि मी तुमचं काम करणार.”

“माझं काम मी करून आलोय. तू आन काय करनार?”

“आबा, सीरियसली.”

“टेकडी कुटनं काढली? तितं टेकडी नव्हती. सपाट रान हुतं.”

“सपाट रान स्टेजवर दिसत नाही हो.”

“मंग नगं दावू.”

आणि उठून आत गेले. निरंजन माझ्याकडे बघून म्हणाला, “बघितलंत, उषाआजी? हे सांगणार नाहीत, आणि आम्ही काही केलं की म्हणणार चुकीचं केलं. मग आम्ही काय करायचं?” पोराचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. आजही पटतं.

तर पोरांनी स्वतःच्या मनानं बनवलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग झाला. सगळं गाव लोटलं होतं, शेजारच्या नांद्याहूनही लोक आले होते. टेकडी झकास झाली होती, धूर निघत होता, लवंगी फटाक्यांच्या माळा मशीनगन म्हणून वाजत होत्या. दयानंद गोळी लागून पडला, उठला, पुन्हा लागली, पुन्हा उठला. इतका वेळ मरत होता की मला घरी जाऊन चहा टाकून येता आला असता. शेवटी कापसाची मिशी लावलेल्या निरंजननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि टेपवर आवाज घुमला: “हैबत, माझ्या साळूला सांग, रडू नकोस. तुझं कुंकू मी भारतमातेच्या कपाळी लावलंय.” टाळ्यांचा कडकडाट. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. साळूबाई पुढच्या रांगेत बसली होती. ती रडत नव्हती. ती कपाळाला आठ्या घालून बघत होती.

हैबतराव घरी झोपले होते. फटाक्यांचा त्यांना त्रास होईल असं सुनेला वाटत होतं. मी नंतर कधीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, “फटाक्याला कोन भितंय? आवाज झाला म्हंजे झालं गेलं. भ्या वाटतं ते गपगार रानाचं, वैनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. मी वर्तमानपत्र मागायला गेले होते. निरंजन दात घासत होता.

“हैबतदादा,” ती म्हणाली, “एक इच्यारायचं हाय.”

“बस की.”

“बसत न्हाई. तुमी मला काय म्हनला हुता? जागच्या जागी गेला. मंग रातीला त्यो येवढा बोलला कसा?”

निरंजननं घाईनं चूळ भरली. “आजी, ती स्क्रिप्ट आहे. आम्ही लिहिलीय. तसं खरं नसतं.”

“तू गप रं. तुझ्या आज्याच्या तोंडनं ऐकल्याबिगर तू लिहिशील व्हय? घरातली गोष्ट घरातल्यालाच ठावं आसती.” आणि हैबतरावांकडे वळून, “माझं नाव घेतलं का त्यानं? बाकी काय नगं मला. येवढं सांगा.”

पोरांची चूक ही अशी होती. गावात कुणी दुसऱ्यानं देखावा केला असता तर साळूबाईनं तो तमाशा म्हणून बघून सोडून दिला असता. पण हैबतरावांच्या नातवानं हैबतरावांची मिशी लावून सांगितलेली गोष्ट खोटी असेल, हे तिच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

हैबतराव उठले आणि घराबाहेर पडले. साळूबाई तशीच उभी. मला राग आवरेना. मी चपला सरकवल्या आणि त्यांच्या मागं निघाले. ते बांधावरून लांबून चालले होते. मी सरळ मधल्या पडीक रानातून आडवी गेले आणि पुढं जाऊन त्यांच्या वाटेत उभी राहिले.

“आडवं यायाला कुनी सांगितलं?” ते ओरडले. त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. “बांध दिलाय न्हवं देवानं? आडवं कशाला येताय तुमी!”

“कारण मला घाई आहे. ती बाई तिथं उभी आहे. तिला उत्तर द्या.”

“देता येत न्हाई.”

“का?”

“भंडारा उचललाय. मी आन आमच्या पलटनीतल्या जयसिंगानं, मुठा गावच्या. खंडोबाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शब्द दिलाय एकमेकाला, की घरी एकच सांगायचं.” आणि म्हणाले, “खरं सांगितलं तर कोंडाजीचं नाव जाईल, वैनी.”

“आणि आत्ता कुणाचं नाव राहिलंय? दयानंदचं! काल टाळ्या त्याला पडल्या. कोंडाजी कोण होता हे त्याच्या बायकोलासुद्धा कळेनासं झालंय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बघू नका माझ्याकडे. चला.”

“आत्ता न्हाई. दुपारी. तुमीबी या संगं.”

दुपारी साळूबाईच्या ओसरीवर आम्ही तिघंच होतो. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि जमिनीकडे बघत एकदाच, न थांबता बोलले. त्यांच्याच शब्दांत देते.

“लढाई थांबून महिना होत आला हुता. आमी हद्दीपलीकडच्या मुलकात बसलेलो, जितलेल्या. गावं रिकामी, शेतं उभी. बसून बसून आन डाळ-रोटी खाऊन जीव इटला हुता. एके दिवशी सकाळी कोंडाजी म्हनला, ‘हैबत, आज भोगी हाय.’ मी म्हनलं, बरं मंग? म्हनला, ‘समोर हरबरा हाय.’ घाटं धरलं नव्हतं आजून, नुस्ता कवळा पाला. जयसिंग म्हनला, पाल्यानं कुटं भोगी व्हती का? तर ह्यो म्हनतो, ‘बाजरीबिगर, तिळाबिगर, बायकोबिगर जर व्हती, तर घाट्याबिगर का न्हाई व्हनार?’ आमी लई हसलो. मी त्यांचा नाईक. मला इच्यारलं, जाऊ का? मी म्हनलं, जा. बांधाबांधानं जा, सुरुंग आसत्याल. दोगं गेलं. जाताना बांधानं गेलं. पाला खुडला, टावेल भरला. येताना जयसिंग बांधानं आला. कोंडाजी आडवा आला. लंगराच्या चुलीवर पानी उकळाय ठेवलं हुतं मी, वाफ दिसत हुती त्याला लांबनं. म्हनून आडवा आला.”

मग त्यांनी पहिल्यांदा साळूबाईकडे बघितलं.

“जागच्या जागी न्हाई गेला, साळू. मी आन जयसिंगानं आनला उचलून. उन्हं वर येस्तवर हुता.”

“माझं नाव?” साळूबाईनं विचारलं.

“न्हाई.”

“कुनाचंच?”

“कुनाचंच न्हाई. पाल्याचं बोलत हुता. म्हनला, ‘जयसिंगाला सांग, पाला धुऊ नगं. धुतला की आंब जाती.’ ते दोनदा म्हनला. मंग न्हाई बोलला.”

साळूबाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, मग रडत होती, मग दोन्ही.

“त्योच!” ती म्हणाली. “त्योच त्यो. लग्नाच्या पैल्या साली मी पाला धुतला, आंबटपना सगळा गेला, तर दोन दिस बोलला न्हवता माझ्यासंगं. सासू म्हनली, मेल्या, भाजीवरनं बायकूला टाकतूस का काय!” तिनं डोळे पुसले. “रातीला त्यो कोन हुता, कुंकू-कुंकू वरडत हुता त्यो, त्याला मी वळखलंच न्हाई. सत्तावीस वर्सं तुमी मला दुसराच मानूस दिला, हैबतदादा.”

“लोकं म्हनली आसती, भाजीपायी मेला.”

“म्हनू दे की. भाजीपायीच मेला. लोकांच्या बापाचं काय गेलं?” आणि ती उठून उभी राहिली. “आता पोरास्नी सांगा. माझ्या नवऱ्याच्या नावानं रोज सांजंला त्यो दयानंद मरतूया, त्ये बंद करा.”

हैबतरावांनी घरी जाऊन निरंजनला सांगितलं. त्या घरातला आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता.

“आबा, परवा देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येतायत! पुण्याहून! महिनाभर पोरं झोपली नाहीत. आता बदलू? आणि बदलून काय दाखवू, भाजी खुडताना?”

“व्हय.”

“लोक हसतील.”

“हसू दे.”

“म्हणजे तुम्हाला काहीच नाही वाटत? एवढं तुमच्यासाठी केलं...”

“माझ्यासाटी? मी सांगितलं हुतं? तुला टाळ्या पायजेत त्या कोंडाजीच्या मढ्यावर उभं राहून घे. माझी मिशी लावून नगं.”

मधे पडून दादासाहेबानं तोड काढली: देखावा आहे तसा होऊ दे, आबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, आणि विषय संपवू. त्याला खरंच वाटलं होतं की विषय संपेल. आपल्या बापाला तो चाळीस वर्षं ओळखत होता, तरी.

परीक्षक आले त्या संध्याकाळी अंगावर शाल पडताच हैबतरावांनी माइक हातात घेतला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हातात नारळ, छातीवर पदकं, म्हातारा आता जोशात काहीतरी बोलणार.

“आता जो देखावा बघताल,” ते म्हणाले, “त्यो खोटा हाय. त्यात माझ्या नातवाची चूक न्हाई. खोटं मी सांगितलं, पोरांनी त्याला रंग दिला. कोंडाजी लढाई थांबल्यावर गेला. भोगीला हरबऱ्याचा पाला आनाय गेला, सुरुंगावर पाय पडला. मीच त्याला जा म्हनलं.”

मग मागून कुणीतरी ओरडलं, “लढाई थांबल्यावर मेला, तर शहीद कसा?”

“कोन हाय त्यो? फुडं ये.” कुणी पुढं आलं नाही. “लढाई थांबली आसं तुला वाटतंय, कारन तू टीव्ही बघतूस. टीव्ही बंद झाला म्हंजे लढाई थांबली. आमी तितंच हुतो. लोकांच्या रिकाम्या घरांम्होरं, लोकांच्या उभ्या पिकात, साल निघंस्तवर. सुरुंगाला कुनी सांगितलं न्हवतं लढाई थांबली म्हनून. आन शहीद का न्हाई त्ये तू मला इच्यारायचं न्हाई. मी...”

माइक बंद झाला. वायर कुणी काढली ते मला ठाऊक आहे. आता तो मोठा माणूस आहे, नाव लिहीत नाही. हैबतराव तरीही बोलत राहिले. परेडच्या मैदानावरचा आवाज. त्यांना माइकची गरज नव्हतीच. “मी त्याला सपाट रानातनं उचलून आनलाय, टेकडीवरनं न्हाई. त्यो माझा दोस्त हुता आन त्याला भूक लागली हुती. येवढंच.”

पुढच्या रांगेतून साळूबाई उभी राहिली. “खरं हाय,” ती म्हणाली, “आन ज्याला हसायचं आसंल त्यानं माझ्या दारात येऊन हसावं.” आणि तिथून निघाली. तिच्यामागं मी निघाले. मग आणखी पाचसात बायका. परीक्षक घड्याळ बघायला लागले.

निरंजन स्टेजच्या कडेला उभा होता, अर्धी मिशी चिकटवलेली. त्याचे डोळे भरले होते. “आबा, तुम्ही आमची पार वाट लावली,” एवढंच म्हणाला.

“लावली,” हैबतराव म्हणाले. “आता तरी वाटंनं चाला.”

देखावा त्या दिवशी झाला नाही. बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. निरंजन पुढं होस्टेलला राहिला, नोकरीला लागला, बाणेरला फ्लॅट घेतला. आजोबांशी बोलायचा तो जेवलात का, औषध घेतलं का, इतपत. हैबतराव उत्तर द्यायचे, व्हय. दोघांतलं कुणी त्याच्यापुढं गेलं नाही. मी दोघांनाही फटकारलं, वेगवेगळं. निरंजन म्हणाला, “त्यांनी मला एकट्याला आधी सांगितलं असतं तर?” हैबतराव म्हणाले, “त्यानं ऐकलं आसतं का?” दोघांनी मलाच प्रश्न विचारले.

नंतर शाळेनं त्यांना प्रजासत्ताकदिनी बोलावलं. त्यांनी मुलांना भोगीची गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, मुख्याध्यापकांनी आधी विनवलं, काहीतरी स्फूर्तिदायक सांगा. त्यांनी पुन्हा तीच सांगितली, पाला धुवायचा का नाही यासकट. तिसऱ्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. “दोन वर्गास्नी तर सांगून झालं,” म्हणाले.

आणि कुणाला वाटत असेल की खरं बोलल्यावर माणूस मोकळा झाला, तर तसं काही झालं नाही. ते बांधावरूनच चालत राहिले. पुढच्या भोगीला साळूबाई भाजी-भाकरीचं ताट घेऊन आली, न धुतलेल्या पाल्याची भाजी. त्यांनी ताटाकडे बघितलं आणि मान हलवली. ती म्हणाली, “नका खाऊ,” आणि समोर बसून स्वतः जेवली. ते उपाशी बसले, पण त्या दिवशी सूसला गेले नाहीत.

आता पुन्हा तुमच्याशी बोलते, भावजी, कारण एक गोष्ट राहिली.

गाव, नातू, परीक्षक, शाळा, कशालाही तुम्ही भ्यायला नाहीत. खंडोबाचाही शब्द मोडलात आणि म्हणालात, देवाचं मी बघून घेईन. पण जयसिंगाचं नाव काढलं की तुम्ही तंबाखूची चंची शोधायला लागायचात. मी म्हटलं, एव्हाना त्याच्या कानावर गेलं असेल. मुठा काही परदेशात नाही. तुम्ही म्हणालात, “कानावर जानं येगळं, आन मी म्होरं जाऊन सांगनं येगळं. शब्द दोगांनी दिला हुता. मी एकट्यानं मोडला.”

मग ठरलं की माझ्या मारुतीतून मी तुम्हाला मुठ्याला न्यायचं. तुम्ही म्हणालात, भातकापणी होऊ दे. कापणी झाली. मी म्हटलं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. एकदा निघालोसुद्धा. पिरंगुटला वळून उरवड्याच्या रस्त्याला लागलो, आणि तुम्ही म्हणालात, “आज जयसिंग घरी नसंल.” मी म्हटलं, “तुम्हाला कसं ठाऊक?” तुम्ही म्हणालात, “वाटतंय.” मी गाडी वळवली. वळवायला नको होती असं मी म्हणणार नाही. तुम्ही उतरून चालत परत आला असतात.

पुढं तुमचे गुडघे, माझ्या यजमानांचं आणि रंभाबाईचं आजारपण. शेवटच्या पावसाळ्यात तुम्ही स्वतःहून हाक मारलीत, “वैनी, ह्या बुधवारी जाऊ.” मंगळवारी दवाखान्यात नेलं तुम्हाला. तिथंही मला म्हणालात, “मंग फुडच्या बुधवारी.”

जयसिंग अजून आहे. परवा त्याच्या सुनेशी फोनवर बोलले. अंगणात बसतो म्हणाली, समोर कुणाचा तरी बंगला होतोय तो बघत असतो. तिनं विचारलं, काही निरोप द्यायचाय का? मी नाही म्हटलं. गाडी चालू आहे, रस्ता मला माहीत आहे, आणि तरीही मी जाणार नाही. शब्द तुमचा होता, सांगायला जायचं तुम्हालाच होतं, आणि तुम्ही गेला नाहीत.